मोझेलकेर्न: मोझेल नदीकाठचे किल्ले, द्राक्षमळे आणि पायवाटा

जर्मनीत मोझेल नदी बघायला येणारे बहुतेक लोक कोखेमला मुक्काम करतात, बुर्ग एल्ट्झच्या वाहनतळापर्यंत गाडीने जातात, दोन तासांत किल्ला उरकतात आणि परत फिरतात. जमत असेल तर हे टाळा. कोखेमच्या अलीकडे मोझेलकेर्न नावाचं छोटं गाव आहे. तिथे राहिलं की किल्ला पायी गाठता येतो. रोमन देऊळ, खडे द्राक्षमळे आणि बाकीची गावं लोकल गाडीने होतात. कार लागतच नाही. उलट अरुंद गल्ल्यांत आणि पार्किंगच्या शोधात ती डोक्याला ताप होते.

आम्ही सप्टेंबरच्या अखेरीस गेलो होतो. द्राक्षतोडणीचा हंगाम होता, सकाळी खोऱ्यात दाट धुकं आणि अकरानंतर लख्ख ऊन. या भागासाठी याहून चांगला काळ नाही. एक लक्षात ठेवा, बुर्ग एल्ट्झ साधारण १ एप्रिल ते १ नोव्हेंबर एवढाच काळ उघडा असतो. हिवाळ्यात फक्त बाहेरून दिसेल.

पहिला दिवस: कोब्लेन्झहून गावात

फ्रँकफर्टहून आधी कोब्लेन्झ आणि तिथून ट्रिअरच्या दिशेची आरबी ८१ ही लोकल गाडी. अर्ध्या-पाऊण तासात मोझेलकेर्न येतं. त्याच मार्गावर आरई १ ही जलद गाडी धावते, पण ती इथे थांबत नाही, थेट पुढे जाते. घाईत समोर आलेल्या गाडीत चढू नका. डब्यात नदीच्या बाजूची म्हणजे कोब्लेन्झहून जाताना डावीकडची खिडकी धरा.

तिकिटाचं थोडक्यात: जर्मनीत राहणाऱ्यांकडे डॉइचलांड-तिकीट (देशभरच्या लोकल गाड्या-बसचा मासिक पास) असेल तर प्रश्नच नाही. नसेल तर ऱ्हाइनलांड-फाल्झ या राज्याचं एकदिवसीय तिकीट घ्या. ते पाच जणांपर्यंत एकत्र चालतं, पण सोमवार ते शुक्रवार सकाळी ९ नंतरच. शनिवार-रविवारी वेळेचं बंधन नाही. घर किंवा हॉटेल बुक करताना पाहुण्यांसाठी स्थानिक बस-रेल्वेचा पास मिळतो का, हे जरूर विचारा. काही मुक्कामी तो भाड्यातच येतो.

एल्झबाख नावाचा ओढा मोझेलला मिळतो तिथे हे गाव आहे, वस्ती काही शेकड्यांचीच. छपरांवर काळसर पाटीचा दगड आणि गल्लीत लाकडी चौकटींची घरं. चर्चजवळ फ्रँकांच्या काळातला, साधारण सातव्या शतकातला दगडी क्रूस उभा आहे. ही प्रतिकृती आहे, अस्सल दगड बॉनच्या संग्रहालयात ठेवलाय. मोझेलकाठच्या गावांतून हिंडताना नदीकडच्या भिंतींवर आडव्या रेघा आणि त्यांच्याशेजारी सालं कोरलेली दिसतील. त्या महापुराच्या खुणा आहेत. डिसेंबर १९९३ ची रेघ डोक्याच्या वर जाते. अशा घरांत तळमजल्यावर वाईनचं तळघर किंवा गॅरेज असतं आणि माणसं वर राहतात.

संध्याकाळी जेवायला श्ट्राउसविर्टशाफ्ट शोधा. द्राक्षबागायतदार आपल्याच अंगणात किंवा तळघरात चालवतो ती ही हंगामी खानावळ. दारावर झाडू किंवा पानांचा गुच्छ टांगलेला असतो. वेगळा परवाना लागत नाही, पण नियम काटेकोर आहेत: वर्षातून जास्तीत जास्त ४ महिने, ४० जणांचीच बैठक, वाईन स्वतःच्या मळ्यातली आणि खाणं साधं. त्यामुळे मालक किंवा मालकीणबाई स्वतः वाढायला येतात, आणि तोडणीच्या दिवसांत त्यांच्या हातांवर द्राक्षरसाचे डाग असतात. त्यांना मळ्याबद्दल विचारलं की खुर्ची ओढून बसतात. आमच्या यजमानीणबाईंनी बोलता बोलता पाटीच्या दगडाचा एक तुकडा टेबलावर ठेवला आणि हात लावून बघायला सांगितला. सूर्य मावळून तास झाला होता, तरी तो कोमट होता. दिवसभर शोषलेली ऊब हा दगड रात्री वेलींना परत देतो. एवढ्या उत्तरेला रीसलिंगची द्राक्षं पिकतात, त्यामागे हे एक मोठं कारण आहे.

सप्टेंबर-ऑक्टोबरात फेडरवायसर मिळते, म्हणजे अजून आंबत असलेली, गढूळ, गोडसर वाईन. तिच्या बाटलीचं झाकण मुद्दाम सैल किंवा भोकाचं असतं, कारण आत वायू तयार होत राहतो. घट्ट बंद केली तर बाटली फुटू शकते आणि पिशवीत आडवी टाकली तर सगळं सांडतं. विकत घेतली तर उभीच न्यायची. तिच्यासोबत त्स्वीबेलकूखेन नावाची कांद्याची खारी वडी खातात. तिच्यात बहुतेक वेळा डुकराच्या मांसाचे तुकडे असतात, तेव्हा शाकाहारी मंडळींनी आधी 'ओने श्पेक' (डुकराचं मांस नको) सांगून खात्री करून घ्यावी. बटाट्याच्या किसाचे रायबेकूखेन सफरचंदाच्या गोड चटणीबरोबर मिळतात. शाकाहारी माणसाला ते बहुतेक ठिकाणी चालतात. रोख पैसे जवळ असू द्या, अशा ठिकाणी कार्ड चालेलच असं नाही. मोठं दुकान पुढे ट्राइस-कारडेनला आहे आणि रविवारी सगळं बंद. शनिवारीच सामान भरा.

दुसरा दिवस: ओढ्याकाठाने बुर्ग एल्ट्झ

सकाळी आठला निघा. किल्ला साडेनऊला उघडतो आणि साधारण अकरापासून बसने येणाऱ्यांची गर्दी सुरू होते. स्टेशनपासून किल्ला पाचेक किलोमीटर, रमतगमत दीड तास. पहिला टप्पा गावातून ओढ्याच्या कडेने डांबरी रस्त्याचा, तो रिंगेलश्टायनर म्यूले या जुन्या गिरणीपाशी संपतो. पुढची पायवाट जंगलातली आहे. बीच आणि ओकची झाडं, वाटेवर आडवी आलेली मुळं आणि बाजूला ओढ्याचा आवाज. चढ फारसा नाही, पण ओल्या पानांखालचा पाटीचा दगड अतिशय निसरडा असतो. साध्या सपाट तळव्याच्या बुटांनी इथे हमखास घसरायला होतं. मोबाइलला रेंज अधूनमधूनच, म्हणून नकाशा आधीच उतरवून ठेवा. सावलीमुळे धुकं उशिरापर्यंत राहतं, जाडसर जाकीट हवं.

शेवटच्या वळणापर्यंत किल्ला दिसत नाही. मग एकदम ७० मीटर उंच खडक आणि त्यावर दाटीवाटीने उभे असलेले मनोरे समोर येतात. ओढ्याने या खडकाला तीन बाजूंनी वळसा घातलाय. वाहनतळाकडून येणाऱ्यांना किल्ला वरून दिसतो, आपल्याला खालून. ही जागा का निवडली, ते खालूनच नीट कळतं.

एल्ट्झ घराण्याचं नाव कागदोपत्री ११५७ मध्ये येतं. सम्राट फ्रीडरिष बार्बारोसाच्या एका दानपत्रावर रुडॉल्फ फॉन एल्ट्झची साक्ष आहे. १२६८ पूर्वी तीन भावांत वाटण्या झाल्या आणि किल्ला सामाईक झाला: केंपेनिख, र‍्यूबेनाख आणि रोडेनडॉर्फ या शाखांची घरं एकाच चिंचोळ्या अंगणाभोवती. जमीन वाढवता येईना म्हणून सगळे वर वर बांधत गेले, आठ-आठ मजले. एकत्र राहण्याचे नियम, दुरुस्तीचा खर्च, भांडणं कशी मिटवायची, हे सगळं लेखी करारात बांधलेलं होतं. अंगणाच्या मधोमध उभं राहून चारी बाजूंना बघा. दगड, खिडक्या, छपरं प्रत्येक घराची वेगळी आहेत, कारण बांधकाम पाचशे वर्षं चाललं होतं. १८१५ पासून किल्ला केंपेनिख शाखेकडे आहे आणि आजही तेच घराणं तो सांभाळतं.

आत फक्त मार्गदर्शकाबरोबर जाता येतं, ४० मिनिटं लागतात आणि फोटो काढायला मनाई आहे. इंग्रजी गट हवा असेल तर तिकीट घेतानाच विचारा. रोडेनडॉर्फ घराच्या सरदारांच्या दालनात दोन गोष्टी चुकवू नका. भिंतीवर विदूषकांचे मुखवटे आहेत, म्हणजे इथे कुणीही मोकळेपणाने बोलावं. आणि दाराच्या वर एक गुलाब कोरलाय, म्हणजे इथलं बोलणं बाहेर जाऊ नये. तीन कुटुंबांना एका छपराखाली शतकानुशतकं राहायचं होतं. त्यांना याची किती गरज पडली असेल ते त्या खोलीत उभं राहिल्यावर समजतं. र‍्यूबेनाखच्या शयनगृहाच्या भिंतींवर वेलबुट्टीची रंगीत नक्षी आहे आणि खिडकीच्या बाहेर काढलेल्या छोट्या कोनाड्यात देवघर. कोनाडा खोलीबाहेर काढण्याचं कारण असं की देवाच्या वर माणसाने राहू नये. स्वयंपाकघरात भिंतीतली भट्टी आणि पिठाची मोठी पेटी अजून जागेवर आहे. चित्रकार थोरल्या लुकास क्रानाखचं मेरी आणि द्राक्षं धरलेल्या बाळाचं चित्रही याच फेरीत दिसतं. खजिन्याचं दालन त्याच तिकिटात आहे, पण ते स्वतः फिरून बघायचं. त्याला अर्धा तास वेगळा ठेवा.

दुपारी किल्ल्यासमोरच्या टेकडीवर चढा. दहा-पंधरा मिनिटांत ट्रुट्झएल्ट्झचे अवशेष लागतात. ट्रिअरचा आर्चबिशप बाल्डुइन आणि इथले सरदार यांच्यात १३३१ ते १३३६ असा झगडा चालला. त्याने एल्ट्झच्या डोक्यावर हा छोटा किल्ला बांधून खाली दगडी गोळे फेकले आणि रसद तोडून शेवटी त्यांना शरण आणलं. तिथे उभं राहून एल्ट्झची छपरं बघितली की वेढ्याचा हिशेब लगेच लक्षात येतो, अंतर इतकं कमी आहे.

परत त्याच वाटेने येण्याऐवजी पठारावरून म्यूडेन गावात उतरा, दीड तास धरा. उतरताना मोझेलचं मोठं वळण आणि बंधारा दिसतो. नदीवर असे बंधारे आणि जलपाशांची (बोटी वर-खाली नेणाऱ्या, दारं असलेल्या हौदांची) मालिका बांधून १९६४ मध्ये मोठ्या मालवाहू बोटींना वाट खुली केली. म्यूडेनहून मोझेलकेर्न रेल्वेने एकच स्टेशन आहे. पाय अजून चालत असतील तर म्यूडेन ते कारडेन ही बॉक्सवूडच्या झाडांतून जाणारी वाट घ्या. ही झाडं आपल्याला बागेच्या कुंपणाला छाटलेली माहीत असतात, इथे ती रानात वाढतात. गेल्या काही वर्षांत एका पतंगाच्या अळ्यांनी बरीच खाऊन टाकली आहेत, त्यामुळे काही उतारांवर नुसत्या काड्या दिसतील.

तिसरा दिवस: कारडेन आणि मार्टबेर्ग

हा दिवस बहुतेक प्रवासी गाळतात, आणि आमच्या मते तिथेच चुकतात.

ट्राइस-कारडेन स्टेशनवरून समोरच संत कास्टरच्या चर्चचे तीन मनोरे दिसतात. आतली वेदी लाकडाची नाही, दगडाचीही नाही, ती भाजलेल्या मातीची आहे, साधारण १४२० मधली. कारडेन रोमन काळात कुंभारांचं गाव होतं. त्याच मातीच्या गावात हजार वर्षांनी अशी वेदी उभी आहे, म्हणून जवळ जाऊन चेहरे बघा. ऑर्गन श्टुम घराण्याने १७२८ मध्ये बनवलेला आहे.

चर्चपासून लेनुस-मार्स वाट वर जाते. सुरुवातीचा चढ चांगलाच अंगावर येतो, नंतर द्राक्षमळे सुटून पठार लागतं. चढ-उतार मिळून अडीच-तीन तास. मार्टबेर्ग नावाच्या या पठारावर त्रेव्हेरी या केल्टिक जमातीची तटबंद वस्ती होती. रोमन आल्यावर वस्ती खाली नदीकाठी सरकली, देवस्थान मात्र वरच राहिलं, चौथ्या शतकाच्या अखेरीपर्यंत. देव लेनुस, त्याला रोमनांनी आपला युद्धदेव मार्स जोडला. पण इथला मार्स युद्धापेक्षा रोग बरे करण्यासाठी प्रसिद्ध होता. लोक नवस बोलायचे आणि फेडायला नाणी, पिना, छोटी शस्त्रं वाहायचे. उत्खननात हजारो नाणी सापडली. तिखिकोस नावाच्या एका भक्ताने तर ग्रीक आणि लॅटिन अशा दोन्ही भाषांत कांस्याचा लेख वाहिला: मरणाच्या दारातून देवाने वाचवलं म्हणून. रोमन काळात या आडरानात ग्रीक लिहिणारा माणूस चढून आला होता.

मूळ पायावर देऊळ पुन्हा बांधलंय: मधे उंच चौकोनी गाभारा आणि चारी बाजूंनी खांबांचा प्रदक्षिणामार्ग. ते ठरावीक महिन्यांतच उघडं असतं, जाण्याआधी वेळा बघून घ्या. पठारावर सावली आणि पाणी दोन्ही कमी. उतरताना पोमर्न गावात या, तिथून परतीची गाडी मिळते.

चौथा दिवस: काल्मोंटची शिडीवाट

मोझेलकेर्नहून एडिगर-एलरला गाडी. कोखेम सोडलं की ती कैझर विल्हेल्म बोगद्यात शिरते, लांबी ४,२०५ मीटर. नदी इथे वीसेक किलोमीटरचा वळसा घेते, रेल्वे डोंगराच्या पोटातून सरळ जाते. बोगदा १८७९ मध्ये वाहतुकीला खुला झाला आणि पुढची शंभरेक वर्षं जर्मनीतला सर्वांत लांब रेल्वे बोगदा होता.

एलर ते ब्रेम ही वाट काल्मोंटच्या उतारावरून जाते. इथे द्राक्षमळ्याचा उतार ६५ अंशांच्या वर जातो आणि हा युरोपातला सर्वांत खडा मळा म्हणून ओळखला जातो. वाटेवर लोखंडी शिड्या, पायऱ्यांचे गज आणि पोलादी दोर आहेत. हार्नेस लागत नाही, पण पाय स्थिर हवेत आणि उंचीची भीती नसावी. लहान मुलं, कुत्रे आणि पाठीवर बाळ घेऊन येऊ नये. अंतर तीनच किलोमीटर, तरी अडीच-तीन तास जातात.

चुका ठरलेल्या आहेत. पहिली, उशिरा निघणं. उतार दक्षिणेकडे तोंड करून आहे आणि पाटीचा दगड तापतो. उन्हाळ्यात दुपारी इथे शिरणं म्हणजे तव्यावर चालणं. दीड-दोन लिटर पाणी प्रत्येकी, वाटेत कुठेही मिळत नाही. दुसरी, उघड्या हाताने दोर धरणं. तारा सुटलेल्या असतात आणि बोटं फाटतात, साधे बागकामाचे हातमोजे पुरतात. तिसरी, पावसानंतर लगेच जाणं: दगडाच्या चकत्या पायाखालून सरकतात आणि खालून येणाऱ्याच्या डोक्यावर जातात. दरड किंवा दुरुस्तीमुळे वाट बंद असू शकते, म्हणून आदल्या संध्याकाळी चौकशी करा. द्राक्षतोडणीच्या दिवसांत मळ्यातले काही तुकडेही बंद ठेवतात. पाटी दिसली की वळसा घ्या आणि द्राक्षं तोडू नका, ते कुणाचं तरी वर्षभराचं पीक आहे.

मळ्यात एकच दातेरी लोहमार्ग जमिनीपासून हातभर उंचीवर वर चढत गेलेला दिसतो. त्यावरून छोटं इंजिन माणसं आणि द्राक्षांची टोपली ओढतं. ते आम्हाला समोर चालताना दिसलं: दोन कामगार पाठीमागे रेलून बसलेले, मांडीत करंड्या, आणि इंजिन खडखडत जवळजवळ उभ्या रेषेत चढतंय. पूर्वी हे सगळं पाठीवर वाहायचे. अनेक वाफे सोडून दिलेले आहेत आणि त्यांच्यावर झुडपं माजली आहेत, कारण इथे यंत्र चालत नाही आणि हातांनी काम करायला माणसं मिळत नाहीत. मे अखेर ते जुलैमध्ये आलात तर मोझेलचं अपोलो फुलपाखरू दिसू शकतं. पांढऱ्या पंखांवर लाल ठिपके. त्याच्या अळ्या दगडी बांधांवरच्या सेडम वनस्पतीवर जगतात, म्हणून बांध पडले की फुलपाखरूही जातं.

मधल्या टप्प्यावर नदीपलीकडे श्टुबेन मठाचे छप्पर नसलेले अवशेष दिसतात. ११३७ मध्ये स्थापन झालेला हा ख्रिस्ती जोगिणींचा (ननांचा) मठ नदीच्या वळणात आहे. फोटोची सर्वांत चांगली जागा तीच, पण वाट अरुंद आहे. मागच्यांना जाऊ द्या, मगच कॅमेरा काढा. ब्रेमहून एलरला नदीकाठच्या सपाट रस्त्याने तीन-साडेतीन किलोमीटर चालत परत येता येतं.

पाचवा दिवस: कोखेम आणि बाइलश्टाइन

१६८९ मध्ये फ्रान्सच्या चौदाव्या लुईच्या सैन्याने या खोऱ्यातले किल्ले एकामागून एक उडवले. एल्ट्झ वाचला, कारण घराण्यातला हान्स अंटोन हा फ्रेंच सैन्यात अधिकारी होता आणि त्याने किल्ल्याचं नाव यादीतून काढवलं. कोखेमचा राइष्सबुर्ग किल्ला पडला, तो १८६८ मध्ये बर्लिनच्या रावेने या लोखंडाच्या व्यापाऱ्याने विकत घेऊन १८७७ पर्यंत आपल्या कल्पनेप्रमाणे उभा केला. बाइलश्टाइनचा मेटर्निख किल्ला पडला तो तसाच आहे. म्हणूनच एल्ट्झ आधी बघावा. तो पाहिला असेल तर राइष्सबुर्ग बाहेरून बघितला तरी चालेल.

त्यापेक्षा कोखेमच्या पलीकडच्या तीरावर, कोंड भागात, जर्मन मध्यवर्ती बँकेचं भुयार बघा. साध्या घरांखाली १९६२ ते १९६४ दरम्यान खणलेल्या या तिजोरीत १९८८ पर्यंत सुमारे १५ अब्ज मार्कांच्या (मार्क हे तेव्हाचं जर्मन चलन) पर्यायी नोटा होत्या. शत्रूने खोट्या नोटांचा पूर आणला तर रातोरात चलन बदलायचं, हा बेत होता. शेजाऱ्यांनाही पत्ता नव्हता. आत मार्गदर्शकाबरोबरच जाता येतं आणि १२ अंशांच्या आसपास गारवा असतो, स्वेटर न्या.

बाइलश्टाइनला रेल्वे नाही. कोखेमहून बोट फांकेलच्या जलपाशातून वर चढते, तासाभराचा प्रवास. बस स्वस्त आणि लवकर. बस ब्रुटिग गावातून जाते. तिथून ट्राइसच्या दिशेला एक कधीही न वापरलेला रेल्वे बोगदा होता. १९४४ मध्ये त्यात युद्धसामग्रीचा कारखाना करण्यासाठी नाझींच्या नात्झवायलर छळछावणीच्या कैद्यांना राबवलं गेलं आणि त्यात अनेक जण मेले. सुंदर मळ्यांमधून जाताना हेही माहीत असावं.

बाइलश्टाइनमध्ये दीडेकशे माणसं राहतात आणि रविवारी दुपारी त्यांच्या कितीतरी पट पर्यटक असतात. म्हणून शक्यतो आठवड्याच्या मधल्या दिवशी जा. मठाच्या चर्चमध्ये स्पेनहून आलेली काळ्या मेरीची मूर्ती आहे. चर्चकडे जाणाऱ्या दगडी पायऱ्या उंच आणि झिजलेल्या आहेत, उतरताना कठड्याच्या बाजूने उतरा. किल्ल्याच्या पडक्या बुरुजावरून नदी दोन्ही बाजूंना दूरवर दिसते. तिथून थोडं वर ज्यू लोकांची जुनी दफनभूमी आहे, झाडांत लपलेली. बहुतेक पर्यटक तिथवर येत नाहीत.

परतीची शेवटची बोट हंगामाच्या अखेरीला लवकर सुटते आणि संध्याकाळी बसही तुरळक. उतरल्या उतरल्या दोन्हींच्या वेळा थांब्यावर बघून ठेवा. मोझेल मार्गावर रुळांचं काम निघालं की रेल्वेऐवजी बदली बस धावते आणि ती प्रत्येक गावात शिरते, त्यामुळे विमान गाठायचं असेल त्या दिवशी दोन तास हाताशी ठेवूनच मोझेलकेर्नहून निघा.